एक वाजून वीस मिनिटांची कवळी

१

प्रमुख पाहुण्यांनी पाण्याचा घोट घेतला तेव्हा ग्लासात कवळी होती.

कवळी त्यांची नव्हती. शेजारी उभं राहून भाषण करणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची होती. दुसऱ्याच वाक्यात, 'शिस्त' हा शब्द जरा जोर लावून म्हणताना, बाईंची वरची कवळी सुटली, माइकवर टक्कन आपटली आणि पाहुण्यांच्या ग्लासात जाऊन बुडाली. पाहुणे त्या वेळी पहिल्या रांगेतल्या कोणाकडे तरी बघून मान डोलावत होते. त्यांनी न बघताच ग्लास उचलला. काहीतरी ओठाला लागलं म्हणून खाली बघितलं, तर चौदा दात त्यांच्याकडे बघून हसत होते.

पुढचं सांगायला नको. व्यासपीठावरची सतरंजी धुवायला टाकावी लागली, एवढं पुरे.

हे शुक्रवारी झालं. शनिवारी सकाळी कवळ्यांच्या कारखान्यात शीताईला बोलावणं गेलं.

शीताई म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई. वय चाळीसच्या आसपास, हातात रबरी मोजे, गळ्यात मास्क, पिशवीत तीन ब्रश आणि स्पिरिटची बाटली. कुठल्याही कॉम्प्युटरचं झाकण उघडलं की तिच्या तोंडून पहिला शब्द 'शी!' असाच निघायचा, त्यावरून हे नाव पडलं. माणसं कीबोर्डवर काय काय सांडतात, काय काय शिंकतात आणि कुठे कुठे खाजवून पुन्हा टाइप करायला लागतात, हे बघून बघून तिचा माणसांवरचा विश्वास केव्हाच उडाला होता.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत कवळ्या कोरणारं मशीन आणि बाहेरच्या खोलीत भिंतभर फळ्या. फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, सगळे आ वासून. शीताईने आत शिरतानाच मास्क वर ओढला.

"या बाई, बसा," मालक म्हणाले. साठी उलटलेले, भरदार मिशी, आवाज असा की फळीवरचे जबडे थरथरावेत. मात्र 'स' आला की शिट्टी वाजायची. 'बसा' म्हणताना तर किटली उकळल्यासारखं झालं.

"नको, उभी बरी आहे." खुर्चीवरचा डाग कशाचा, हे तिला जाणून घ्यायचं नव्हतं.

"मला फक्त एक कागद पाहिजे तुमच्या सहीचा. चोर सापडलाय. पुरावा पेटीत आहे. तुम्ही तो छापून द्या, की संध्याकाळच्या आत मी या बाईंना घरी पाठवतो."

त्यांनी बोट दाखवलं ते कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या आक्कांकडे. बावीस वर्षं इथे हाताने कवळ्या घडवणाऱ्या आक्का. आता कोरायचं काम मशीन करतं, आक्का नुसत्या घासून चकचकीत करतात. त्यांनी मान वर केली नाही. हातातला दात घासत राहिल्या.

२

पेटी, म्हणजे तिथला कॉम्प्युटर, शीताईच्या ओळखीची होती. तीन महिन्यांपूर्वी तिनेच लावून दिली होती.

कॉम्प्युटर इतका जुना, की वस्तुसंग्रहालयानेही 'नको, जागा नाही' म्हटलं असतं. पण मालकांना नवा घ्यायचा नव्हता. दात कोरणारं मशीन जुन्या प्रणालीशिवाय, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय, चालत नव्हतं. सूनबाईंना आराखडे काढायला नवी प्रणाली हवी होती. मालकांना संध्याकाळी पत्ते खेळायचे होते, आणि तो खेळ फक्त एका अतिप्राचीन प्रणालीत होता. म्हणून शीताईने एकाच पेटीत तिन्ही बसवून दिल्या. पेटी चालू केली की काळ्या पडद्यावर तीन ओळी यायच्या: नवी, जुनी, म्हातारी. ज्याला जी हवी त्याने ती निवडायची. फायली ठेवायला मधला एक कप्पा, तिघींनाही दिसणारा. आणि पेटीला इंटरनेट लावायचं नाही, हा मालकांचा हुकूम. "व्हायरस येतो," असं ते प्लॅस्टरच्या धुळीने माखलेल्या हाताने बिस्किट खात म्हणाले होते.

"झालं काय नेमकं?" शीताईने विचारलं.

सूनबाई पुढे आल्या. नीटनेटक्या, प्रत्येक गोष्टीची तारीख पाठ. "मुख्याध्यापिकाबाईंचा आराखडा मी मंगळवारी पावणेएकला पूर्ण केला. माप बरोबर शंभर टक्के. बुधवारी सकाळी मशीन चालवणाऱ्या मामांनी तो मशीनवर चढवला, शुक्रवारी सकाळी बाई कवळी घेऊन गेल्या. दंतवैद्याकडे बसवून बघायला त्यांना वेळ नव्हता, थेट समारंभाला. आज मी फाइल उघडून बघते, तर माप एकशे सहा टक्के! कोणीतरी अख्खी कवळी सहा टक्क्यांनी मोठी करून ठेवलेली. मग ती तोंडात कशी राहील?"

"केव्हा बदलली?"

"मंगळवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी. फाइलवर तशी नोंद आहे. आणि नवीत नाही, जुनीत जाऊन बदललीय. तीही नोंद आहे."

"एक ते दोन आम्ही सगळे समोर घरी जेवायला असतो," मालक गरजले. "इथे कोण असतं एकटं? आक्का! डबा खात. आणि मशीन आल्यापासून कोणाच्या पोटात दुखतंय? आक्कांच्या! यांना दाखवून द्यायचं होतं, की मशीनच्या कवळ्या पडतात म्हणून. स्वच्छ आहे सगळं."

'स्वच्छ'ची शिट्टी लांबपर्यंत गेली. शीताईने पेटीकडे बघितलं. स्वच्छ या शब्दाचा या खोलीशी काही संबंध नव्हता.

"कागद देते," ती म्हणाली. "पण आधी पेटी साफ करणार. असल्या पेटीला हात लावून मी सही करत नाही."

मालकांच्या मिशा हलल्या. "साफ कशाला? नुसतं छापा ना!"

दुकान चालवणारा माणूस फुकटची सफाई नको म्हणतो, हे शीताईने वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

३

तिने कीबोर्ड उलटा करून वर्तमानपत्रावर आपटला.

"शी!"

जे पडलं त्याचे तिने चिमट्याने ढीग केले. एक ढीग केशरी भुग्याचा, चिप्सचा. दुसरा केसांचा. आणि तिसरं म्हणजे ढीगसुद्धा नव्हे. कीबोर्डच्या किल्ल्यांच्या फटींतून चहात भिजून लगदा झालेलं आणि मग वाळून सिमेंट झालेलं बिस्किट. किल्ल्या उपटून खरवडावं लागलं.

"चिप्स कोणाचे?"

"माझे," मामा म्हणाले. मामा म्हणजे मालकांचे मेहुणे, मशीन चालवणारे. सकाळी दहा ते बारा जुनीत काम, नंतर दिवसभर खाणं. "त्यात काय एवढं? कीबोर्डलाही भूक लागते."

"तुम्ही बुधवारी मशीनवर फाइल चढवली तेव्हा माप बघितलं नाही?"

"मी बघत नसतो, ताई. सूनबाई काढते, मी कोरतो. माप बघायला लागलो तर जेवायचं केव्हा? बघायला मला एकच गोष्ट लागते, ते घड्याळ. आणि तेही रोज सकाळी चार तास मागे! रोज मी नीट लावतो. रोज कोणीतरी बिघडवतं. नाव घेत नाही, पण नवी प्रणाली कोणाला पाहिजे होती?"

"मामा!" सूनबाई ताडकन म्हणाल्या. "बिघडवता तुम्ही! मी बारा वाजता नवी सुरू करते तर रोज घड्याळ चार तास पुढे. दुपारी बाराला पेटी म्हणते चार वाजले! रोज, सगळ्यात आधी, मी ते बरोबर करून मग कामाला लागते. मंगळवारीही केलं."

"मी बरोबर करतो!"

"मी बरोबर करते!"

"गप्प बसा दोघं," मालक म्हणाले. "घड्याळाचं काय घेऊन बसलात? चोर बसलाय समोर!"

शीताई आक्कांच्या स्टुलाजवळ गेली. आक्कांच्या दहाही बोटांना गुलाबी रंग बसला होता, हिरड्यांच्या पुडीचा. तो धुऊन जात नसे. दिव्याचं बटण गुलाबी, नळ गुलाबी, डब्याचं झाकण गुलाबी. आक्का जिथे जिथे हात लावत तिथे हिरडी उगवल्यासारखी दिसे.

"आक्का, मंगळवारी एक ते दोन काय केलंत?"

"जेवले."

"मग?"

"डबा धुतला."

"पेटीला हात लावलात?"

"तूच तर सांगून गेलीस ना गं, 'कोणीही उगाच हात लावायचा नाही'? मी नाही लावला. बाकीच्यांना कमी ऐकू येत असेल."

शीताईने मोजे घातलेल्या हाताने एकशे चार किल्ल्या एकेक करून बघितल्या. माउस बघितला, पेटीचं बटण बघितलं. सगळ्या जगातली घाण होती. गुलाबी कणभरही नव्हतं.

"काका, यांचा हात लागला असता तर..."

"हातमोजे घातले असतील," मालक तिचं बोलणं तोडत म्हणाले. "मोजे काय तुमच्याकडेच असतात? बाई, कागद देताय की मी दुसरा मेकॅनिक बोलावू? आक्का, तुम्ही दाराची किल्ली काढून ठेवा टेबलावर."

आक्का उठल्या. त्यांनी कनवटीची किल्ली काढली आणि ठेवली. मालकांकडे एकदाच बघितलं, तोंडाकडे. तिथे किल्लीखाली टेबल गुलाबी झालं.

४

शीताईने तिन्ही प्रणाली एकेकदा चालू करून बघायचं ठरवलं. नवी झाली, जुनी झाली. म्हातारीवर बोट गेलं तसे मालक पुढे झाले.

"तिथे काही नाही. नुसते पत्ते आहेत."

"बघू तर. कोणाला पत्त्यांची लाज वाटते?"

म्हातारी कण्हत कण्हत उघडली. पत्त्यांचा खेळ पडद्यावर आला आणि त्याखाली गुणांची यादी. प्रत्येक डाव, त्याची तारीख, त्याची वेळ. मालक रोज खेळत. कामगार गेले की संध्याकाळी पाच ते सात, एकटे, चहाबिस्किटं घेऊन. ही गोष्ट गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होती.

शीताई यादी वाचत खाली खाली गेली आणि थांबली.

"सूनबाई, काका दुपारी इथे येऊन खेळतात का?"

"छे! एक ते दोन ते माझ्या समोर ताटावर असतात. भात मऊच हवा, भाजी गाळच हवी, म्हणून मी पातेल्यापासून हलत नाही."

"मग इथे हे काय? सोमवार, डाव पहिला, एक वाजून अकरा मिनिटं. दुसरा, एक पस्तीस. परवाचा गुरुवार, एक चौदा. तीन महिने रोज काका दुपारी एकच्या पुढेच खेळतायत. घरी जेवताना."

मामांनी चिप्स चावणं थांबवलं.

आणि मग शीताईला तीन महिन्यांपूर्वीची दुपार आठवली. तिन्ही प्रणाली बसवून झाल्या होत्या, शेवटची एक ओळ लिहायची राहिली होती, आणि पेटीच्या पंख्यातून एक झुरळ निघून तिच्या मोज्यावर चढलं होतं. ती किंचाळून झाकण आपटून पळाली होती. ती ओळ तिने लिहिलीच नव्हती.

५

"आधी माझं पाप," ती म्हणाली. मास्क खाली केला. "ही पेटी खोटं बोलतेय, आणि तिला खोटं बोलायला मी शिकवलंय."

"म्हणजे?" सूनबाई.

"पेटीच्या पोटात घड्याळ एकच आहे. जुनी आणि म्हातारी त्यातली वेळ आहे तशी दाखवतात. नवीला वाटतं ते घड्याळ कुठल्यातरी दूरच्या गावाच्या वेळेवर लावलंय, म्हणून ती आपल्या मनाने त्यात चार तास मिळवते. 'मिळवू नकोस' असं तिला एका ओळीत सांगायचं असतं. मी सांगितलं नाही. झुरळ निघालं म्हणून पळून गेले."

"मग मामा..."

"मामा सकाळी जुनीत घड्याळ बरोबर लावतात, की तुमच्या नवीत ते चार तास पुढे. तुम्ही बारा वाजता नवीत बरोबर लावता, की जुनी आणि म्हातारी चार तास मागे. तीन महिने तुम्ही दोघं रोज एकमेकांनी बरोबर केलेलं बिघडवताय."

मामा आणि सूनबाईंनी एकमेकांकडे बघितलं. तीन महिन्यांचे टोमणे दोघांच्याही चेहऱ्यावरून सरकत गेले.

"म्हणून काकांचे संध्याकाळी पाचचे डाव इथे दुपारी एकचे दिसतात. आता फाइल बघा. ती जुनीत बदललीय. मंगळवारी सूनबाईंनी बारा वाजता घड्याळ लावलं, म्हणजे त्यानंतर जुनी चार तास मागे. आक्कांनी खरंच एक वीसला जुनीत जाऊन फाइल बदलली असती, तर नोंद झाली असती सकाळी नऊ वीसची. जुनीत एक वीसची नोंद व्हायला बाहेर खरे किती वाजले पाहिजेत?"

"पाच वीस," सूनबाई हळूच म्हणाल्या.

"पाच वीसला इथे कोण असतं?"

"मी चारला मुलीला आणायला शाळेत जातो," मामा घाईने म्हणाले.

"मी साडेचारला घरी," सूनबाई म्हणाल्या. "आक्कांची बस पाचची."

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

"मी पत्ते खेळत होतो!" मालक म्हणाले.

"तीन महिन्यांत एकच दिवस यादीत नाही, काका. मंगळवार."

"बरं वाटत नसेल त्या दिवशी! आणि मी कशाला माझ्याच गिऱ्हाइकाची कवळी बिघडवीन? डोकं फिरलंय का माझं?"

तेवढ्यात दार ढकलून मुख्याध्यापिकाबाई आत आल्या. वरचा ओठ आत गेलेला, नजर मात्र पूर्वीइतकीच धारदार. रुमालात गुंडाळलेली कवळी त्यांनी टेबलावर आपटली.

"कोणी केलं हे? हात वर!"

सवयीने मामांचा हात अर्धा वर गेला.

"बाई, हेच बोलतोय," शीताई म्हणाली. "बिघडवायचं असतं तर कोणी दात वाकडे केले असते, एखादा गाळला असता. हे नीट मोजून मोठं केलंय. शंभराचे एकशे सहा. ही मुख्याध्यापिकाबाईंची कवळी राहिलीच नाही. त्यांच्याहून सहा टक्के मोठा जबडा असलेल्या कोणाची तरी झाली. कोणाला तरी तयार आराखडा वापरून स्वतःसाठी गुपचूप कवळी करायची होती. फाइल वेगळी ठेवायच्या ऐवजी त्याने आहे त्यातच जतन केलं. दुसऱ्या दिवशी मामांनी न बघता कोरली. आणि तो कोण? ज्याला भात मऊ लागतो, भाजी गाळ लागते, बिस्किट चहात बुडवल्याशिवाय खाता येत नाही..." तिने चिमट्याने तो वाळलेला लगदा उचलून दाखवला. "...आणि ज्याचा 'स' निसटतो."

"साफ खोटं!" मालक ओरडले. "सगळं सगळं साफ..."

तिसऱ्या 'साफ'पर्यंत ते पोचलेच नाहीत. त्यांची वरची कवळी सुटली, मिशीतून वाट काढत खाली आली आणि शीताईने नुकत्याच स्पिरिटने पुसलेल्या कीबोर्डवर पडली.

"शी!" शीताई म्हणाली, आणि या वेळी तिच्याबरोबर सगळेच म्हणाले.

६

कवळी जुनी होती, पिवळी पडलेली, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. सूनबाईंनी वाकून बघितली. लग्न होऊन सात वर्षं झाली, सासऱ्यांचे दात खोटे आहेत हे त्यांना आज कळत होतं. मामांना तर जास्तच धक्का बसला. बाहेर पाटीवर मालकांचाच हसरा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'माझे स्वतःचे आहेत, तुम्हाला तसेच देऊ.'

मुख्याध्यापिकाबाईंनी रुमाल उलगडला. "घाला."

"हॅ?"

"माझी घाला. बघू दे मला. तोंड उघड म्हटलं की उघडायचं!"

मालकांनी घातली. एकदाही न हलता, खट्टकन बसली. जणू त्यांच्यासाठीच केलेली, कारण त्यांच्यासाठीच केलेली होती. फळीवरच्या सगळ्या जबड्यांच्या मधोमध मालक मुख्याध्यापिकाबाईंचं हसू घेऊन उभे राहिले.

"ती ग्लासातून काढल्यावर धुतली होती का?" शीताईने विचारलं.

"कशाला धुवू? मला थोडीच परत घालायची होती!"

शीताई खिडकीशी जाऊन दोन मिनिटं बाहेर बघत राहिली.

परत आली तेव्हा मालकांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते लाजेचं की पाहुण्यांच्या उष्ट्या पाण्याचं, सांगता येत नव्हतं. "आज सकाळी सूनबाई एकशे सहा म्हणाली तेव्हा कळलं, माझंच ते," ते पुटपुटले. शिट्टी अजिबात वाजली नाही, हेच सगळ्यात वाईट. "पण तेवढ्यात ती म्हणाली एक वीस. आणि एक वीसला..."

"एक वीसला मी होते," आक्का म्हणाल्या. "सोय झाली."

खिडकीतली, खुर्चीवरची, कीबोर्डमधली सगळी घाण शीताईला त्या क्षणी स्वच्छ वाटली. माणूस कसा चहासारखा सांडतो, आणि डाग दुसऱ्याच्या नावावर.

"पण चोरून कशाला?" मामा म्हणाले. "आक्कांना सांगायचं ना भावजी. हातची केली असती."

आक्काच बोलल्या.

"ती पडलेली आहे ना, ती माझीच आहे. एकोणीस वर्षांपूर्वी केलेली. सगळे गेल्यावर दार लावून माप घेतलं होतं. तेव्हा म्हणाले होते, कोणाला सांगू नका. मशीन आल्यावर मलाच म्हणाले, हातच्या कवळीत काही राम नाही. मग आता कुठल्या तोंडाने मागणार?"

"एकोणीस वर्षं तुम्हाला माहीत होतं?" सूनबाई म्हणाल्या. "आणि आज घरी पाठवत होते, तरी बोलला नाहीत?"

"दुसऱ्याच्या तोंडातली गोष्ट आपल्या तोंडात घ्यायची नसते गं. आमच्या कामात तेवढंच तर सांभाळायचं असतं."

शीताईने आक्कांना तोंड दाखवायची हिंमत गोळा केली. "आक्का, चूक माझीही आहे. एक ओळ..."

"मग लिही ना आता. बोलतेस काय?"

तिने नवी उघडली, ओळ लिहिली. "शेवटची किल्ली तुम्ही दाबा."

आक्कांनी दाबली. किल्लीवर गुलाबी ठसा उमटला. शीताईचा हात स्पिरिटकडे गेला आणि मग तिने बाटली पिशवीत टाकली.

मुख्याध्यापिकाबाईंनी टेबलावरची दाराची किल्ली उचलून आक्कांच्या हातात दिली. "माझी कवळी आता यांच्या हातची. आणि हा," त्यांनी मालकांकडे बोट केलं, "याने आधी माफी मागायची. मोठ्याने. पाटी उतरवून."

मालकांनी पाटी उतरवली. माफी मागितली. फार मोठ्याने मागितली, पण दात एकदाही हलले नाहीत.

"झालं?" आक्का म्हणाल्या. "आता ती काढून ठेवा आणि खुर्चीत बसा. तुमचंही माप घेते. दुसऱ्याचे दात घालून माफी मागितलेली मला चालत नाही, तुमचे झाले की पुन्हा मागा."

त्यांनी ट्रेमध्ये मापाची गार, चिकट पेस्ट गच्च भरली आणि मालकांच्या तोंडात सारली. पेस्ट घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ माणसाला तोंड मिटता येत नाही आणि एक अक्षर बोलता येत नाही.

आक्कांनी स्टूल ओढलं, मालकांच्या समोर बसल्या आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मनापासून बोलायला लागल्या.

मशीन आल्या दिवसापासून त्यांनी सुरुवात केली. मग मागे मागे गेल्या. मालकांचे डोळे मोठे झाले, कान लाल झाले, हनुवटीवरून पेस्ट ओघळायला लागली. त्यांनी पेटीकडे बोट दाखवून "ऊं! ऊं!" केलं. पडद्यावर स्वच्छ दिसत होतं, सहा मिनिटं झाली होती.

आक्कांनी मागे वळून एकदा पेटीकडे बघितलं.

"या पेटीच्या घड्याळाचा काय भरवसा, मालक," त्या म्हणाल्या, आणि त्याच्याही आधीच्या वर्षाकडे वळल्या.